डावखुऱ्या जुन्या रायफलची नळी बदलावी का? एप्रिल ते सप्टेंबरच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

फोर्ट कॉलिन्सच्या एका दुकानात जुन्या बंदुकांच्या रांगेत डावखुऱ्यांची सॅव्हेज ११० रायफल दिसली. बोल्टची, म्हणजे मागे-पुढे सरकवायच्या दांड्याची, मूठ डाव्या बाजूला. मी डावखुरा आहे आणि अशी जुनी रायफल बऱ्या भावात मिळणं कठीण. सॅव्हेजची ११० १९५८ साली आली, निकोलस ब्रूअर या माणसाची रचना. डावखुऱ्यांसाठी कारखान्यातून बोल्ट-रायफल काढणाऱ्या सुरुवातीच्या अमेरिकन कंपन्यांत सॅव्हेजचं नाव येतं. ३२५ डॉलर. फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, आणि कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे तीन दिवस थांबून ती घरी आणली.

नळीवर .२५-०६ रेमिंग्टन असं काडतुसाचं नाव कोरलेलं आहे, बाकी कुठलाच शिक्का नाही. नळी जिथे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या सांगाड्यात, जाते तिथल्या नटावर पान्याच्या खुणा आहेत. म्हणजे आधीच्या कुणीतरी ही नळी नंतर बसवली असणार. बसवणारा कोण, त्याने मापाचे गेज वापरले की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून एकही गोळी न झाडता आधी गनस्मिथकडे नेऊन हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घेतली. २५ डॉलर. माप बरोबर निघालं.

या नोंदी अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहेत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. एच-१बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याचा कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असला तर अपवाद आहे, तो आधी नीट समजून घ्या. भारतात हे करून पाहण्याचा विचारही नको. १९७२ च्या कायद्याने तिथे शिकार बंद आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. इथून सुटी नळी परवान्याशिवाय बॅगेत घालून नेणं दोन्हीकडे गुन्हा आहे.

१९ एप्रिल

पॉनी ग्रासलँड या गवताळ माळावर पहिली चांदमारी. पहाटे गेलो, कारण दहा वाजले की तिथला वारा कुणाचं ऐकत नाही. शंभर यार्ड, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, ११७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) तयार काडतुसं. पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, पाच इंचांच्या आसपास. नळी निवू दिली, पुन्हा तेच. यात एक गोळी लांब आणि चार जवळ असा प्रकार नव्हता. पाचही सगळीकडे विखुरलेल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या माळावर प्रॉन्गहॉर्नच्या मादीची शिकार करायची आहे. हे जनावर दिसायला काळविटाच्या जवळचं, पण त्याचं कुळ स्वतंत्र. माळ सपाट असतो, लपायला जागा नाही, त्यामुळे गोळी दोन-अडीचशे यार्डांवरून घालावी लागते. छातीचा मारक भाग आठेक इंचांचा. शंभरला पाच इंच म्हणजे अडीचशेला साडेबारा. या रायफलने मी जनावरावर नेम धरणार नाही. पोटात गोळी बसलेलं प्रॉन्गहॉर्न मैलच्या मैल पळतं आणि कुठेतरी तडफडत मरतं. ते माझ्या हातून होता कामा नये.

दुकानात कुणालाही विचारा, ".२५-०६ आहे ना? नळी जळली असेल, बदलून टाक" हेच उत्तर मिळतं. असेलही. पण पैसे घालण्याआधी बाकीचं सगळं तपासून बाद करायचं ठरवलं आहे.

२६ एप्रिल

आधी स्वतःला तपासलं. मित्राची .३०८, जिचा ग्रुप इंच-सव्वा इंचाचा असतो हे आम्हाला ठाऊक आहे, ती त्याच टेबलावरून, त्याच पिशव्यांवरून मी झाडली. उजव्या हाताची रायफल डाव्या खांद्याला लावून ग्रुप दीड इंचाच्या आत आला. म्हणजे दोष माझ्या हातात नाही. हे फुकटचं परीक्षण आहे आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत.

मग त्याचाच स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, काढून माझ्या रायफलवर चढवला. माझ्या स्कोपच्या बेसच्या, म्हणजे बैठकीच्या, पुढच्या स्क्रूंपैकी एक बोटाने फिरत होता, तोही घट्ट केला. ग्रुप चार ते साडेचार इंच. थोडा फरक पडला, तो स्क्रूचा असेल. माझा स्कोप निर्दोष ठरला.

३ मे

सफाई. एवढ्या एका कामात दोन संध्याकाळी गेल्या.

अमोनियाचं सॉल्व्हंट नळीत घालून थांबायचं आणि मग चिंधी बाहेर काढायची. निळी आली तर आत तांबं आहे. गोळ्यांच्या तांब्याच्या कवचाचा थर आट्यांवर, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर, बसतो आणि नेम बिघडवतो. पितळी जॅग (गजाच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) किंवा काशाचा ब्रश वापरलात तर सॉल्व्हंट त्यांनाच खातं आणि नळी स्वच्छ असली तरी चिंधी निळीच येते. म्हणून नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचा जॅग आणले. गज एकसंध, कोटिंगवाला घ्या आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या, बाजूने बोअर गाइडमधून (गज मधोमध ठेवणारी नळकांडी) घाला. तोंडाकडून गज घालणाऱ्यांनी किती नळ्यांची तोंडं घासून वाया घालवली असतील याला गणती नाही.

पहिल्या संध्याकाळी चिंध्या गडद निळ्या येत राहिल्या. दुसऱ्या संध्याकाळी फिकट होत होत पांढऱ्या झाल्या. मग चेंबरच्या पुढे कार्बनचं कडं हाताला लागलं. ते सॉल्व्हंटला दाद देत नाही, घासपेस्ट लावून हळूहळू काढावं लागलं. सगळं मिळून ४५ डॉलर, जास्तीचे पैसे गजाचे.

१० मे

सफाईनंतर पहिल्या काही गोळ्या कुठेही गेल्या, हे अपेक्षित होतं. थोडं तांबं पुन्हा बसलं की नळी स्थिरावते. नंतरचे ग्रुप साडेतीन इंच. पाचावरून साडेतीन, तेही फक्त कष्टाने. इथेच थांबणारे पुष्कळ असतील आणि त्यांचं काम भागतही असेल. माझं भागत नाही.

१७ मे

लाकडी दस्ता. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि वाकतं. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये डॉलरची नोट सरकवत नेली. पुढच्या टोकापासून चारेक इंचांवर उजव्या बाजूला ती अडकली. तापलेली नळी तिथे लाकडाला टेकणार आणि गोळी ढकलली जाणार. दांड्याला सँडपेपर गुंडाळून खाच मोकळी केली, उघड्या लाकडाला सील लावलं. ११० च्या रिसीव्हरची मागची शेपटी लाकडाला टेकू नये, ती टेकत होती, तिथेही थोडं लाकूड काढलं. स्क्रू टॉर्कच्या पान्याने सारखे आवळले.

ग्रुप तीन इंच. भोकांची उभी रांग आताही लागत नाही, सगळं गोल विखुरतं. म्हणजे नळी तापून सरकत नाही, गोळीच बाहेर पडताना वेगवेगळ्या दिशा घेते.

२४ मे

साठ डॉलरचा बोअरस्कोप आणला, फोनला जोडायचा, टोकाला छोटा आरसा.

चेंबरच्या लगेच पुढे पोलादाचा पृष्ठभाग मे महिन्यात तडकलेल्या भाताच्या खाचरासारखा दिसतो. भेगांची जाळी. आटे जिथे सुरू व्हायला हवेत तिथे त्यांच्या कडा नाहीतच. धारेला गोलवा आलेला आहे आणि तो साधारण चार इंचांपर्यंत पुढे गेला आहे. त्यापुढे नळी बरी आहे. तोंडाजवळ तर आट्यांच्या कडा नव्यासारख्या.

असं का होतं ते आकड्यांत सांगतो, कारण पुढच्या निर्णयाशी त्याचा संबंध आहे. .२५-०६ म्हणजे .३०-०६ काडतुसाचीच पुंगळी (पितळी कवच), मान आवळून .२५७ इंचाच्या गोळीसाठी केलेली. हौशी लोक ती अनेक वर्षं घरी बनवत होते, रेमिंग्टनने १९६९ साली ती कारखान्यात आणली. .३०-०६ च्या .३०८ इंची भोकाशी तुलना केली तर .२५७ चं भोक क्षेत्रफळाने तीस टक्के लहान. जवळपास तेवढ्याच दारूचा जाळ त्या लहान भोकातून जातो आणि घशातलं, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचं, पोलाद खातो. एखाद्याने माळावर बिळात राहणारे प्रेअरी डॉग मारत दिवसभर तापल्या नळीतून काडतुसं उडवली की काम तमाम. या नळीचं तसंच झालं असावं.

पण बोअरस्कोपचं चित्र पाहून नळी बाद करू नका. भेगा भरलेल्या नळ्या इंचाचे ग्रुप देताना मी पाहिल्या आहेत. चित्रावरून कारण कळतं, पण निकाल लावायला कागदावरची भोकंच पाहावी लागतात.

२५ मे

घसा किती पुढे गेला आहे ते मोजलं. याला खर्च नाही. चेंबर रिकामं आहे याची दोनदा खात्री करा. रिकामा बोल्ट बंद करायचा, तोंडाकडून सपाट टोकाचा गज बोल्टला टेकेपर्यंत हलकेच घालायचा आणि तोंडाशी गजावर टेपने खूण करायची. मग बोल्ट काढून एक सुटी गोळी मागून घशात घालायची, पेन्सिलीने आट्यांना टेकवून धरायची, आणि गज गोळीच्या टोकाला लावून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे गोळी आट्यांना टेकेल अशा काडतुसाची लांबी.

त्याच गोळीचं तयार काडतूस यापेक्षा पाव इंचाहून जास्त आखूड निघालं. गोळी पुंगळीतून सुटते आणि आट्यांत शिरण्याआधी पाव इंच आधाराविना जाते. कितीदा सरळ शिरेल, कितीदा तिरकी, सांगता येत नाही. घरी काडतुसं भरणारे लोक गोळी बाहेर ठेवून हे अंतर कमी करतात. इथे तेही होणार नाही, तेवढं लांब काडतूस मॅगझिनमध्येच मावत नाही.

७ जून

तोंडाचा प्रश्न राहिला होता. कापसाची काडी तोंडाच्या आतून बाहेरच्या दिशेने ओढली. एका जागी तंतू अडकले, म्हणजे तिथे बारीक खरवड आहे. बाहेर पडणाऱ्या गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तिथेच होतो. गनस्मिथकडे लेथवर तोंड नवं करायला दिलं, ८५ डॉलर. त्याच्याकडे गर्दी, रायफल परत यायला जवळजवळ महिना गेला.

या काळात ओळखीच्या एका काकांकडे गेलो. पिंपरीत त्यांनी उभं आयुष्य लेथवर काढलं, आता मुलीकडे इथेच कायमचे आलेत. बंदुकीत त्यांना रस नाही, मापात आहे. फोनवरचे फोटो त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिले.

"काका, चेंबरकडची चार इंच कापून मागून नवं चेंबर पाडलं तर?"

"होईल की. पण बावीसची अठरा राहील. रिसीव्हरमध्ये बसायचे आटे नवे पाडायचे, चेंबर नवं कोरायचं. मजुरी कोण देणार? नव्या नळीएवढी होईल ती."

"म्हणजे नवीच घ्यावी म्हणता?"

"मी कुठे म्हणालो? तोंड करायला दिलंयस ना, ते येऊ दे. माप काय सांगतं ते बघ. घाई कशाला, नट कुठे पळून चाललाय?"

कापून आखूड करण्याचा पर्याय त्या दिवशी निकालात निघाला. सोळा इंचांखाली नळी नेणं सरकारी नोंदणीशिवाय कायद्यात बसत नाही हे वेगळंच, पण अठरा इंचांवरही वेग जातो आणि धमाका वाढतो, आणि पैसे तेवढेच जातात.

५ जुलै

नव्या तोंडाने अडीच-पावणेतीन इंच. पाव इंच सुधारणेसाठी ८५ डॉलर आणि महिना. तुमच्या नळीच्या घशात जाळ्या असतील तर तोंडावर खर्च करण्याआधी घसा मोजा. क्रम असा ठेवला असता तर हे पैसे वाचले असते.

तीन वेगवेगळ्या वजनांची काडतुसं लावून पाहिली. ११७ आणि १२० ग्रेनची तीन इंचांवर, १०० ग्रेनची अडीचवर. १०० ग्रेनची आवडली म्हणायची. कोलोरॅडोत प्रॉन्गहॉर्नला किमान .२४ इंच कॅलिबर आणि ७० ग्रेनची गोळी लागते, त्यात ती बसते. .२५-०६ ची पेटी पन्नाशीच्या आसपास पडते आणि प्रत्येक दुकानात मिळतही नाही. ऑक्टोबरमध्ये एखाद्या छोट्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात .२७० आणि .३०-०६ असतात, हिचं नाव काढलं की दुकानदार मान हलवतो.

१२ जुलैपासून

आता खरी परीक्षा. शिकारीत गार नळीतून सुटणारी पहिली गोळी मोजायची असते. प्रॉन्गहॉर्न दुसऱ्या गोळीसाठी उभं राहत नाही. टेबलावर पाच गोळ्यांचा ग्रुप कितीही सुरेख आला तरी पहिली गोळी कुठे जाते ते त्यावरून नीट कळत नाही.

म्हणून प्रत्येक शनिवारी शंभर यार्डांवर एकच कागद लावतो. रायफल गाडीतून काढली, बसलो, एक गोळी झाडली, कागद घडी करून ठेवला. पुढच्या शनिवारी तोच कागद, तेच वर्तुळ, पुन्हा एक गोळी. भोकाशेजारी तारीख आणि हवेचं तापमान. उरलेला वेळ छोट्या .२२ रायफलने सराव.

१६ ऑगस्ट

कागद भरला. १०० ग्रेनच्या पसंतीच्या काडतुसाने, गार नळीतून, वेगवेगळ्या दिवशी सुटलेल्या पहिल्या गोळ्या साडेचार इंचांत पसरल्या आहेत. अडीचशे यार्डांवर अकरा इंचांच्या वर. तापमानाशी संबंध जुळत नाही: गरम सकाळी खाली, गार सकाळीही खाली, मग एक डावीकडे वर.

माझ्यापुरता निर्णय इथे झाला. बोअरस्कोपने जे दाखवलं आणि गजाने जे मोजलं तेच हा कागद सांगतो. स्क्रू, दस्ता, स्कोप, तांबं, तोंड आणि माझा हात सगळे बाद झाल्यावर उरली फक्त नळी.

पण "नळी खराब आहे" आणि "नळी बदलावी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर दोन रात्री कागद-पेन घेऊन बसलो.

रायफल विकून टाकावी? खरं सांगून विकली तर २०० मिळतील. न सांगता विकणार नाही, तिने पुढचा माणूस जनावर जखमी करील.

नवी रायफल घ्यावी? कारखान्यातल्या साध्या नव्या रायफली ५०० डॉलरच्या आसपास मिळतात आणि इंच-दीड इंच मारतात. उजव्या हाताच्या माणसाला मी हेच सांगेन, जुन्या रायफलीवर नळीचा खर्च करू नकोस. डावखुऱ्यांना निवड कमी आणि किंमत जास्त. शिवाय हिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि दस्ता मी माझ्या खांद्याला लागेल असा घासून घेतला आहे.

दुसऱ्या बनावटीची रायफल असती तर गनस्मिथकडे नळी बसवून घेण्याची मजुरीच नळीइतकी झाली असती. ११० ची रचना इथे कामी येते. नळी आणि रिसीव्हर यांच्यात नट आहे, त्यामुळे कोरून तयार चेंबर असलेली नळी आणून, गेज लावून, नट आवळून घरी बसवता येते. या नळ्यांना डावं-उजवं नसतं, त्यामुळे डावखुऱ्यांसाठी वेगळी शोधावी लागत नाही. आणि संघराज्याच्या कायद्याने बंदूक म्हणजे क्रमांक कोरलेला रिसीव्हर, त्या कायद्यापुरती नळी हा सुटा भाग, म्हणून टपालाने घरी येते.

मग कॅलिबर. पुंगळीचं घराणं तेच ठेवलं तर बोल्टचं तोंड आणि मॅगझिन बदलावं लागत नाही: .२५-०६, .२७०, .३०-०६ सगळ्या एकाच आईच्या लेकी. पुन्हा .२५-०६ नको. .३०-०६ ची नळी सगळ्यात टिकेल, पण या हलक्या रायफलीत धक्का मोठा, आणि धक्क्याला घाबरून चाप ओढणारा माणूस नेम चुकतो. .२७० चं भोक .२५७ पेक्षा क्षेत्रफळाने सोळा टक्के मोठं, घसा तितका लवकर जात नाही, १३० ग्रेनची गोळी सपाट जाते, काडतूस प्रत्येक दुकानात. १९२५ पासून लोक याच कामासाठी वापरत आले आहेत. .२७० ठरली.

२३ ऑगस्ट

मागवलं: .२७० ची बावीस इंची नळी ३६५, टपाल १८, नटाचा पाना ४२, नळी धरायचा शिकंजा ७५, हेडस्पेस तपासायचे गो आणि नो-गो गेज ७२. एकूण ५७२.

आतापर्यंत निदानावर गेलेले: हेडस्पेसचे २५, सफाई ४५, बोअरस्कोप ६०, तोंड ८५, काडतुसं २८०. म्हणजे ४९५. निदान नळीइतकंच महाग पडलं असं दिसतं, पण त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम काडतुसांची, आणि तो सराव कुठल्याही रायफलीसाठी करावाच लागला असता.

६ सप्टेंबर

नट निघेना. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलं होतं. शिकंज्यात नळी ओकच्या ठोकळ्यांमध्ये धरली आणि पाना लावला की नळीच ठोकळ्यांत फिरत होती. चामडं घातलं, तरी फिरली. शेवटी काकांनी सांगितलेला उपाय चालला: ठोकळ्यांना राळेची पूड लावली, नटाला हीट गनने तापवलं, आणि पान्याच्या दांड्यावर जाड हातोडीचा एकच झटका दिला. नट सुटला. नटाच्या आट्यांमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता, कोरडं बसवलेलं होतं. अख्खी सकाळ यात गेली.

दुपारी बसवणं. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढले, म्हणजे बोल्ट बंद होताना हाताला खरा स्पर्श कळतो. आटे पुसले, ग्रीस लावलं, नवी नळी, नट आणि रिकॉइल लग (धक्का दस्त्यात उतरवणारी पट्टी) चढवले. गो गेज बोल्टच्या तोंडात ठेवून बोल्ट बंद केला आणि नळी हाताने गेजला टेकेपर्यंत फिरवली. नट आवळला. गो वर बोल्ट बंद झाला, ठीक. नो-गो वर बंद व्हायला नको, तोही झाला.

कारण असं की नट आवळताना आट्यांमधली ढील निघते आणि नळी केसभर पुढे ओढली जाते. तेवढ्याने हेडस्पेस वाढते. पुन्हा सैल केलं, या वेळी नळी गेजवर किंचित दाबून धरली आणि मग आवळलं. या खेपेला रिकॉइल लग तिरका झाला, दस्त्यात बसेना. तिसऱ्यांदा लग छोट्या क्लॅम्पने सरळ धरून आवळलं. गो वर बोल्ट अलगद बंद, नो-गो वर अर्ध्यातच अडला. हे दोन गेज नसतील तर हे काम करू नका. ७२ डॉलर वाचवण्याच्या नादात डोळा जाईल.

नवी नळी थोडी जाड आहे. दस्त्याची खाच पुन्हा घासावी लागली, डॉलरची नोट आता शेवटपर्यंत सरकते.

१३ सप्टेंबर

पहिल्या झाडलेल्या पुंगळ्या एकेक करून तपासल्या. बुडाजवळ चकाकता पट्टा नाही, प्रायमर (बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोप्या) चपटे किंवा बाहेर आलेले नाहीत. त्यानंतरच नेमाकडे वळलो. १३० ग्रेनच्या साध्या तयार काडतुसाने पाच गोळ्या सव्वा इंचात.

२७ सप्टेंबर

सलग शनिवार मिळेनात म्हणून गार नळीची परीक्षा या वेळी कामाआधी पहाटे घेतली, रोज एक गोळी, तोच कागद. पहिल्या गोळ्यांचा पसारा दीड इंच. अडीचशेला पावणेचार. दोनशे यार्डांवर गोळी नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप लावला, शंभरला गोळी दीड इंच वर लागते.

एक काम राहिलं होतं, ते आज केलं, आणि नळीचं कॅलिबर बदलणाऱ्या प्रत्येकाने करावं असं मला कळकळीने वाटतं. .२५-०६ ची पुंगळी .२७० पेक्षा थोडी आखूड आणि मानेत बारीक, त्यामुळे चुकून .२७० च्या चेंबरमध्ये गेली तर बोल्ट बंद होऊ शकतो आणि गोळी सुटूही शकते. घरातली, गाडीतली, जॅकेटच्या खिशातली, रेंजच्या पिशवीतली .२५-०६ ची सगळी काडतुसं शोधून काढली. दोन तर जॅकेटच्या अस्तरात निघाली. पूर्ण पेट्या .२५-०६ वापरणाऱ्या एका मित्राला दिल्या. रिसीव्हरच्या खाली, दस्ता काढल्यावर दिसेल अशा जागी, .२७० लिहून तारीख घातली. जुनी नळी आडवी कापून भंगारात टाकली, म्हणजे ती स्वस्तात मिळाली म्हणून कुणी दुसऱ्या ११० वर चढवणार नाही.